एका घोटात चार अक्षरं

आयुष्यातला माझा दुसरा 'पहिला शब्द' मी वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी उच्चारला. खरा पहिला शब्द 'आई' होता, असं आई सांगते; पण त्याला तिच्याखेरीज साक्षीदार नाही. दुसऱ्याला मात्र सदाशिव पेठेतल्या एका हॉलमध्ये बसलेली वीस-पंचवीस माणसं साक्षीला होती, आणि तो ऐकून त्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शब्द होता, "खोटं!"

स्वरयंत्राच्या कॅन्सरमुळे ज्यांचा आवाज जाणार आहे किंवा गेला आहे, किंवा ज्यांच्या घरात असं माणूस आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. औषधं, डोस, किरणांची मात्रा यातलं मी काही सांगणार नाही. ते तुमचे डॉक्टर सांगतील, आणि आमच्या डॉक्टरांसारखे असतील तर घाईघाईत सांगतील. मला सांगायचं आहे ते आवाजाबद्दल, आणि आपण गप्प झालो की माणसं आपली गोष्ट कशी सांगायला लागतात त्याबद्दल. हे सांगायला मी इतकी उतावीळ झाले आहे की विलास म्हणतो, आधी नाश्ता कर. विलास म्हणजे माझा नवरा. तो या लेखात बराच येणार आहे आणि त्याची त्याला धास्ती आहे.

घसा बसलाय, एवढंच

मी पुण्यातल्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते. विषयच असा, की आवाज कमवावा लागतो, नाहीतर पहिल्या वर्षाचा वर्ग दहा मिनिटांत पेंगायला लागतो. मी तो कमावला होता. मला माइक लागायचा नाही. शेजारच्या वर्गात अर्थशास्त्र शिकवणारे सर मधूनमधून भिंतीवर टकटक करायचे. तो आवाज घोगरा व्हायला लागला तेव्हा कुणालाच विशेष वाटलं नाही. शिक्षकाचा घसा बसायचाच. कुणी ज्येष्ठमध दिलं, कुणी हळदीचं दूध सुचवलं, आणि स्टाफरूममध्ये एक सहकारी म्हणाल्या, "मॅडम, जरा कमी बोलत जा." हा सल्ला मला शाळेपासून मिळत आला आहे.

महिने गेले तरी घसा सुटेना, तेव्हा विलासने ओढत डॉक्टरकडे नेलं. दुर्बिणीतून तपासणी झाली, तुकडा काढून तपासायला गेला, आणि एका सोमवारी आम्ही दोघं रिपोर्ट ऐकायला जाऊन बसलो.

"स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "श्वास पुढे मानेला केलेल्या छिद्रातून घ्यायचा."

"म्हणजे मी बोलू शकणार नाही?" मी विचारलं.

"बोलता येतं, वेगळ्या पद्धती आहेत. त्यांना सवय होईल," असं उत्तर त्यांनी दिलं, पण ते विलासकडे बघून. माझा आवाज अजून शाबूत होता, प्रश्न मी विचारला होता, आणि तरीही मी 'त्यांना' झाले होते.

खाली पार्किंगमध्ये विलास स्कूटरची किल्ली शोधत राहिला. सगळे खिसे झाले, माझी पर्स झाली. किल्ली त्याच्या हातातच होती. ती मी दाखवली तेव्हा तो माझ्याकडे बघून हसला आणि हसता हसता त्याचा चेहरा वाकडा झाला. मग आम्ही दोघंही तिथेच, पार्किंगवाल्याच्या देखत, रडलो.

मला मरणाची भीती वाटत होती, नाही असं नाही. पण त्याहून मोठी भीती वेगळीच होती. वर्षानुवर्षं मी वर्गात शिकवत आले होते की माणसाचा 'मी' हा काही आत ठेवलेला दगड नाही. माणूस स्वतःबद्दल गोष्ट सांगतो, ती बदलत जातो, खोडतो, पुन्हा सांगतो, आणि त्या सांगण्यातूनच तो घडतो. हे मी मोठ्या तावातावाने सांगायचे, टेबलावर हात आपटून. आता सांगणाऱ्याचा गळाच जाणार म्हटल्यावर घडायचं कशातून? वर्गासमोर उभी राहून बोलणारी बाई, हीच माझी गोष्ट होती. ती बाई पुन्हा वर्गात उभी राहणार नसेल, तर हॉस्पिटलमधून घरी येईल ती कोण?

मी ऑपरेशनला साफ नाही म्हटलं.

विलासने विनवण्या केल्या. आई आमच्याकडेच असते, बिबवेवाडीत. ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आवाज गेला तर जाऊ दे गं. तू राहा."

"पण राहणारी मीच असेन कशावरून?" मी त्या घोगऱ्या आवाजात ओरडले.

"धम्मात सांगितलंय ना, पक्का असा 'मी' नसतोच म्हणून," आई म्हणाली. "मग जे नाहीच ते जाईल कसं?"

तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापिकेला आईने असं गुंडाळलं की तिला तडतडत दुसऱ्या खोलीत निघून जाण्यावाचून इलाज राहत नाही. मी तेच केलं, आणि दार आपटलं.

चहात साखर कमी

त्या आठवड्यात डॉक्टरांचा फोन आला. "एक गृहस्थ तुमच्याकडे येतील. ऑपरेशन करू नका हवं तर, पण त्यांना एकदा चहा द्या."

आले ते दामले. सत्तरीचे, बँकेतून निवृत्त, कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात पांढरा रुमाल. सोफ्यावर बसले, एक घोट घेतल्यासारखी हवा गिळली, आणि घशातून असा काही खरखरीत आवाज काढला की आईच्या हातातला ट्रे हलला.

"मी दामले… सदाशिव… पेठ."

मला पळून जावंसं वाटलं. पंगतीत शेजारच्याने ढेकर द्यावी आणि त्या ढेकरेत शब्द असावेत, असा तो आवाज होता. नंतर कळलं की पद्धत साधारण तीच आहे. स्वरयंत्र नाही, फुप्फुसातली हवा मानेतून निघून जाते, म्हणून अन्ननलिकेत हवा गिळायची आणि ती परत वर आणताना तिच्यावर शब्द करायचे. एका घोटात तीन-चार अक्षरं बसतात. मग पुन्हा घोट.

"घाबरलात?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"साहजिक… आहे. आवाज… भिकार… आहे."

मग त्यांनी चहाचा कप उचलला, एक घोट घेतला, चहाचाच, आणि कप खाली ठेवून आईकडे बघितलं.

"साखर… कमी… आहे."

आईने मुकाट्याने साखरेचा डबा आणला. दामल्यांनी दीड चमचा घातला, ढवळला, चहा संपवला, आमच्या खिडकीतून समोरची इमारत बघितली आणि तिचा रंग वाईट असल्याचं चार घोटांत सांगितलं. मला आधाराचे दोन शब्द काही ते बोलले नाहीत. पण ते गेल्यावर मी विलासला म्हणाले, "कर फोन डॉक्टरांना. ज्या माणसाचा खवटपणा ऑपरेशनमध्ये निघाला नाही, त्याचं बाकीचंही जागच्या जागी असणार."

विलास फोन लावायच्या आधी आत जाऊन तोंड धुऊन आला.

वॉर्डातली मी

ऑपरेशननंतर शुद्ध आली तेव्हा मी विलासला हाक मारली. ओठ हलले, जीभ हलली, आणि काहीच झालं नाही. हे आधी शंभर वेळा समजावलेलं असतं. तरी तो क्षण तुम्हाला चुकणार नाही, म्हणून सांगून ठेवते. मी रडले, तर रडण्यालाही आवाज नव्हता. नुसतं पाणी.

वॉर्डातले दिवस एकसारखे असतात. सकाळी सिस्टर येऊन मानेच्या छिद्रातला कफ यंत्राने ओढायची, तेव्हा जीव जातोय असं वाटायचं आणि लगेच हलकंही वाटायचं. नाकात नळी, नळीतून पातळ खाणं. वास येणं बंद झालं होतं, कारण नाकातून हवाच जात नाही. पुढे चहा प्यायला लागले तेव्हा कळलं की गरम चहावर फुंकरही मारता येत नाही. ही यादी कुणी आधी देत नाही, आणि दिली तरी आपण ऐकत नाही.

पण त्या वॉर्डात मला एक सिस्टर मिळाली, केरळची, मराठी मोडकं बोलणारी. मी मुलांच्या जादूच्या पाटीवर लिहायचे, तिच्यावरचा कागद उचलला की अक्षरं पुसली जायची. बाकी सगळे पहिले दोन शब्द वाचून उत्तर द्यायला लागायचे. ही बाई हात मागे बांधून उभी राहायची, माझं लिहून होईपर्यंत, आणि पाटी तिच्याकडे वळवली की मगच वाचायची. तिच्या पाळीची मी वाट बघायचे. तिच्यापुढे मी पूर्ण वाक्यं लिहायचे, पूर्णविरामासकट.

भेटायला येणाऱ्यांनी मात्र माझ्या गोष्टी तयारच करून आणलेल्या असायच्या. कॉलेजच्या ग्रुपवर मी 'फायटर' झाले होते. गुलाबाच्या फुलांसोबत 'आमची झुंजार मॅडम' असे मेसेज यायचे. मी झुंजत वगैरे काही नव्हते, मी नळीतून मुगाचं पाणी पीत होते. आमच्या इमारतीतली एक बाई तर पलंगाशी बसून हळहळली, "एवढी चांगली बाई, तंबाखू नाही की काही नाही. मागच्या जन्मीचं काहीतरी असणार."

मी पाटी शोधायला लागले. पण आई कोपऱ्यातल्या खुर्चीतून म्हणाली, "मागचा जन्म आम्ही छप्पन सालीच सोडला. केळी ठेवा तिथे, आणि या आता."

मी हसले. हसण्यालाही आवाज नव्हता, पण टाके दुखले, त्यावरून कळलं की हसलेच आहे.

तिला म्हणायचंय की

घरी आल्यावर खरा ताण सुरू झाला, आणि त्याचं नाव विलास. त्याने माझी सेवा केली, छिद्र साफ करायला शिकला, मिक्सरमधून सगळं पातळ करून दिलं. या सगळ्याबद्दल मी जन्मभर त्याची ऋणी राहीन. पण तो माझ्या वतीने बोलायला लागला. डॉक्टरांपुढे, फोनवर, दारात आलेल्या कुरियरवाल्यापुढेसुद्धा. मी ओठ हलवले की तो हात वर करून म्हणायचा, "थांबा, तिला म्हणायचंय की…" आणि पुढे जे यायचं ते मला कधीही म्हणायचं नसायचं.

मंडईत मी मेथीच्या जुडीकडे बोट दाखवलं. विलास म्हणाला, "तिला पालक हवाय." मी मान हलवली, बोट आपटलं. "दोन जुड्या द्या," विलास म्हणाला. घरी येऊन मी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: तू माझी बडबड चोरलीस. ते वाचायला त्याला चष्मा लागणार होता. तो चष्मा शोधत गेला, घेऊन परत येईपर्यंत माझा राग अर्धा उतरला होता, आणि त्याने वाचून लगेच "सॉरी, चुकलं माझं" म्हणून टाकलं. पाटीवर धड भांडताही येत नाही.

पण त्या दिवशी तो तिथेच बसून राहिला. मग म्हणाला, "सुनंदा, तू गप्प असलीस की मला भीती वाटते गं. घरात तुझा आवाज नाही म्हणजे तूच नाहीस असं वाटतं. म्हणून मी तुझं बोलत राहतो."

मला त्याचा इतका कळवळा आला की पालकाची भाजी मी दोनदा वाढून घेतली. चव काही लागत नव्हती, पण घेतली.

गळ्याला लावायचं एक यंत्रही त्याने आणलं होतं. त्यातून येणारा आवाज ऐकून आई म्हणाली, लिफ्टमध्ये कुणीतरी अडकल्यासारखं वाटतंय. ते कपाटात गेलं. छिद्रात झडप बसवायचा पर्यायही होता, पण माझ्या बाबतीत डॉक्टर त्याला अनुकूल नव्हते. म्हणजे राहिले दामले आणि त्यांची ढेकर.

रविवारचा हॉल

दर रविवारी सकाळी सदाशिव पेठेतल्या एका संस्थेच्या वरच्या मजल्यावर, स्वरयंत्र काढलेली माणसं जमतात. कुणी रिक्षा चालवतं, कुणी निवृत्त आहे, एक वकील आहेत. बहुतेक पुरुष. बायकांत मी आणि शकुताई. शकुताईंचा मंडईत कोथिंबीर-पुदिन्याचा गाळा आहे. गिऱ्हाइकाला हाक मारता येत नाही म्हणून त्या वजन तागडीवर वाजवतात, आणि कुणी दाबून भाव केला तर जास्त जोरात वाजवतात.

शिकवणी प, त, ट, क या अक्षरांवर सुरू होते, कारण त्यांच्याबरोबर हवा सहज आत जाते. पाट, ताक, टपाल. 'ह' मात्र महाकठीण. ज्यांचं काही केल्या जमत नाही त्यांना सोडा पाजतात. सदाशिव पेठेत सकाळी दहा वाजता वीस प्रौढ माणसं ओळीने सोडा पिऊन ढेकरा देतात, हे दृश्य तुम्ही पाहिलं नसेल तर पुणं पूर्ण पाहिलं नाही. मी मात्र आठवडेच्या आठवडे तिथे हवा गिळत होते आणि ती मुकाट पोटात जात होती. पाट नाही, ताक नाही.

पण मी जात राहिले ती तिथल्या एका रिवाजासाठी. नव्या माणसाला आवाज नसतो, तरी पहिल्याच दिवशी त्याची ओळख करून द्यायचीच. मग जुने लोक ती देतात. आधी पाटीवर, घरच्यांकडून माहिती घ्यायची आणि मग उभं राहून त्याची गोष्ट सांगायची. एकाच्या घोटात चार अक्षरं, म्हणून एकाची हवा संपली की शेजारचा वाक्य उचलतो, त्याची संपली की पुढचा. आणि प्रत्येक वाक्यानंतर सांगणाऱ्याने थांबायचं, ज्याची गोष्ट आहे त्याच्याकडे बघायचं आणि विचारायचं, "बरोबर?" त्याने मान हलवून नाही म्हटलं, तर ते वाक्य मागे घ्यायचं. कितीही वेळ लागो.

माझी ओळख अशीच चार जणांनी मिळून सांगितली होती, विलासकडून माझ्या नकारापासून आपटलेल्या दारापर्यंत सगळं काढून घेऊन. "प्राध्या… पिका," "तत्त्व…" इथे वकिलांची हवा संपली आणि शकुताईंनी "ज्ञानाच्या" म्हणून पुरं केलं. मग चौघांनी माझ्याकडे बघितलं. बरोबर? मी बसल्या जागी शहारले. गेले कित्येक महिने सगळे माझ्याबद्दल बोलत होते, पण मला कुणी विचारत नव्हतं.

मग तो रविवार आला. हॉलमध्ये एक नवा माणूस आला होता, चाळिशीचा, ऑपरेशन पुढच्या आठवड्यात. बायको शेजारी पदर घट्ट धरून. तो जमिनीकडे बघत होता. दामले उभे राहिले. त्याला धीर यावा म्हणून त्यांनी माझ्याकडे हात केला आणि सुरुवात केली.

"या सुनंदा… बाई. शूर… आहेत. ऑपरेशन… म्हटल्यावर… लगेच… हो. डोळ्यात… पाणी… नाही!"

आणि त्यांनी विचारलंच नाही. 'बरोबर?' न म्हणता ते पुढे निघाले!

मी त्या नव्या माणसाकडे बघितलं. त्याने एकदा मान वर करून मला पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी ओळखलं, कारण तो चेहरा पार्किंगमध्ये माझाही होता. तो स्वतःला म्हणत होता, ही बाई अशी, आणि मी असा. दामल्यांनी माझी जी गोष्ट रंगवली होती ती त्याला आणखी एकटं करत होती. मला असा संताप आला, असा संताप! मी उठले, तोंड उघडलं, हवा गिळली, आणि ती या वेळी खाली गेलीच नाही.

"खोटं!"

माझं मलाच कळेना हे कोण बोललं. मागच्या रांगेत विलास खुर्चीवरून अर्धा उठला होता.

"घाबरले," मी म्हणाले. पुन्हा घोट. "रडले…" पुन्हा घोट घेतला, पण काही येईना. शकुताईंनी माझ्याकडे बघितलं, मी होकाराची मान हलवली, आणि त्यांनी पुढचं उचललं, "नाही… म्हणाल्या." माझ्याकडे बघून त्या थांबल्या. बरोबर? बरोबर! "दार…" मी म्हणाले. "आपटलं," वकील म्हणाले. बरोबर!

तेव्हा टाळ्या सुरू झाल्या, खुर्च्या वाजल्या, कुणीतरी सोड्याची बाटली पाडली. नवा माणूस माझ्याकडे बघत होता, आणि आता त्याने मान खाली घातली नाही. त्याच्या घशात अजून जुना आवाज होता. त्या आवाजात तो म्हणाला, "ताई, मी पण दोनदा पळून आलोय हॉस्पिटलातून." त्याची बायको रडायला लागली आणि हसायलाही.

विलासचं तर विचारू नका.

नंतर जिन्यात मी दामल्यांना गाठलं आणि पाटीवर विचारलं, मुद्दाम केलंत का? त्यांनी पाटी लांब धरून वाचली. "या वयात… विसरायला… होतं," म्हणाले आणि चपला घालून खाली उतरले. खरं खोटं मला अजून माहीत नाही.

त्या दिवशी घरी येताना माझ्या डोक्यात नुसता गोंधळ उसळला होता. आनंदाचा. मी जे इतकी वर्षं शिकवलं ते चूक नव्हतं, पण अर्धवट होतं. माणूस स्वतःची गोष्ट सांगून घडतो, हे खरं. पण सांगायचं म्हणजे कुणाला तरी सांगायचं ना! आणि दुसरा आपली गोष्ट सांगतो तेव्हा ती चोरीही असू शकते आणि आधारही. विलासनेही माझी वाक्यं पुरी केली, शकुताईंनीही केली. एकाने जीव नकोसा झाला आणि दुसरीने जीव आला. फरक प्रेमाचा नव्हता, प्रेम विलासचं कितीतरी जास्त. फरक एवढाच, की शकुताई थांबल्या आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. स्कूटरवर मागे बसून मी हे सगळं विलासच्या खांद्यावर बोटाने लिहीत होते, आणि तो म्हणत होता, "सिग्नलला लिही, सिग्नलला! वळताना गुदगुल्या होतात." त्या दिवसापासून तो विचारायला लागला. रोज नाही. पण बरेचदा.

पुन्हा वर्गात

आवाज वाढत गेला. एका घोटात चार अक्षरं, मग पाच, बरा दिवस असेल तर सहा. फोनवर लोक मला अजून "बोला काका" म्हणतात. सुरुवातीला मी फोन ठेवून द्यायचे आणि बाथरूममध्ये जाऊन रडायचे. बाईचा आवाज गेला म्हणजे नुसता आवाज जात नाही, हे पुरुष सभासदांना समजत नाही. मला आणि शकुताईंना समजतं. आम्ही दोघी त्यावर बोललो, आणि आता "बोला काका" आलं की मी काका होऊन दोन गोष्टी जास्तच सुनावते.

प्राचार्य भले गृहस्थ. "मॅडम, परीक्षा विभागात या," म्हणाले. "बोलायचा त्रासच नको तुम्हाला. सगळे सांभाळून घेतील." मला सांभाळून घेतलेलं नको होतं. मी म्हणाले, "एक तास… द्या मला… वर्गावर. नाही… जमलं… तर येते." तो तास फसला तर पुन्हा वर्गाची पायरी चढायची हिंमत मला होणार नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं.

विलास फाटकापर्यंत आला. "मी आत येऊ?" त्याने विचारलं. मी नको म्हणाले. तो बाहेर थांबला.

वर्ग भरलेला होता, मागे उभी राहिलेलीही मुलं. मी कॉलरला छोटा माइक लावला आणि सुरुवात केली. विषय तोच, माणूस आणि त्याची गोष्ट. हॉलमधलं सगळं सांगितलं, वाक्य उचलून घेणारी माणसं, 'बरोबर?' म्हणून थांबणं. मुलं मान डोलवत होती. एका मुलीने डोळे पुसले. मी एक साधं वाक्य नीट पार पाडलं तर मागून टाळ्या आल्या. आणि मला जाणवलं की हे जमत नाहीये. शब्द फुटत होते, हवा पुरत होती, पण या वर्गात मी मॅडम नव्हते. मी पुन्हा गुलाबाची फुलं होते. मी काहीही बोलले असते तरी यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. परीक्षा विभाग, मी मनात म्हटलं.

तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. रेणुका तिचं नाव, हे नंतर कळलं.

"मॅडम, मला नाही पटत."

"अगं बस ना!" शेजारची कुजबुजली. "त्यांना त्रास होतोय, दिसत नाही का?"

"मग काय पटलं म्हणू का?" रेणुका म्हणाली. तिचा आवाज थरथरत होता, पण ती बसली नाही. "मॅडम, तुमच्यासाठी हॉलभर लोक थांबले. कारण तुम्ही आजारी होता, प्राध्यापक होता, आणि ते सगळे तुमच्यासारखेच होते. आमच्याकडे कचरा उचलायला येतात त्या मावशींचा आवाज चांगला ठणठणीत आहे. त्यांच्यासाठी कोण थांबतं? आमच्या घरातलंच कुणी थांबत नाही. तुमचं खरं धरलं, तर ज्याचं कुणी ऐकत नाही त्याला 'मी'च नाही. मग तुमचा सिद्धांत फक्त ज्यांचं ऐकून घेतलं जातं त्यांच्यासाठीच आहे. हे चूक आहे, मॅडम. हे अन्यायाचं आहे."

सगळे माझ्याकडे बघत होते, आता ही बाई कोलमडणार म्हणून. आणि माझ्या अंगावर काटा आला होता! ऑपरेशन झाल्यापासून माझं म्हणणं कुणी खोडून काढलं नव्हतं. सगळ्यांनी मला सोडून दिलं होतं, जिंकू दिलं होतं, पाटी वाचल्या वाचल्या माफी मागितली होती. या पोरीने माझं प्रत्येक वाक्य ऐकलं होतं, त्यातली फट शोधली होती आणि माझ्या तोंडावर सांगितली होती, पूर्वी टेबलावर हात आपटणाऱ्या मॅडमना सांगावी तशी. मला तिला मिठी मारावीशी वाटली. उत्तर तर मला येत नव्हतं. थोडंसं कुठेतरी दिसत होतं, लांबवर.

घंटा झाली. दाराजवळची दोन मुलं उठली आणि पुन्हा बसली.

मी टेबलावर हात आपटला. माइक खडखडला. हवा गिळली.

"तुझं… अर्धं… चूक… आहे."

"कुठलं अर्धं?" रेणुका म्हणाली, बसायचं नाव न घेता.